तासांचा धंदा

पुण्यात हिंजवडी, खराडी, मगरपट्टा इथल्या काचेच्या इमारतींत काय विकलं जातं असं विचारलं तर लोक सॉफ्टवेअर म्हणतात. बिल पाहिलं तर तिथे तास दिसतात. इतक्या जणांनी या महिन्यात इतके तास काम केलं, ताशी दर इतके डॉलर. कंत्राट ठरावीक रकमेचं असलं तरी ती रक्कम काढताना कुणीतरी एक्सेलमध्ये माणसं गुणिले दिवस हेच मांडलेलं असतं. माणसाला या धंद्यात रिसोर्स म्हणतात आणि त्याच्या दोनच जाती: बिलिंग लागलेला आणि बेंचवर, म्हणजे कामाविना, बसलेला. मी या धंद्यात चौदा वर्षं काढली. त्यातली पहिली चार मॅन्युअल टेस्टिंगमध्ये पाट्या टाकण्यात गेली. पहिल्याच आठवड्यात सीनियरने सांगितलं होतं, काम संपलं म्हणून लवकर निघू नकोस, टाइमशीट साडेआठ तासांची भरायची असते.

कृत्रिम बुद्धिमत्ता, म्हणजे सगळ्यांच्या तोंडचं एआय, आयटीतल्या नोकऱ्या खाणार का, या प्रश्नाचा विचार हे बिल समोर ठेवूनच करायला हवा. मशीन माणसाहून हुशार होईल की नाही यावर पैजा लावणारे पुष्कळ आहेत. आठ तासांचं काम पाच तासांत व्हायला लागलं तर उरलेल्या तीन तासांचे पैसे क्लायंट का देईल, हा प्रश्न त्याहून साधा आहे आणि जास्त तातडीचा आहे.

आधी आकडे पाहू. नॅसकॉम या उद्योगाच्या संघटनेच्या हिशेबाने भारतीय आयटी उद्योगाची उलाढाल २०२४-२५ मध्ये २८० अब्ज डॉलरच्या पुढे गेली आणि त्यात ५८ लाखांच्या आसपास माणसं काम करतात. एवढ्या मोठ्या डोलाऱ्यात पहिली ठळक चीर २०२३-२४ मध्ये दिसली. त्या वर्षी टीसीएसची कर्मचारीसंख्या १३,२४९ ने घटली. शेअर बाजारात आल्यापासून, म्हणजे २००४ पासून, वर्षाअखेर संख्या घटण्याची ती पहिलीच वेळ. त्याच वर्षी इन्फोसिसची संख्या जवळपास २६ हजारांनी आणि विप्रोची सुमारे साडेचोवीस हजारांनी खाली आली. मग जुलै २०२५ मध्ये टीसीएसने जाहीर केलं की साधारण दोन टक्के, म्हणजे बारा हजारांहून थोडे जास्त लोक कमी करणार, आणि तेही मुख्यतः मधल्या आणि वरच्या फळीतले. जून २०२५ अखेर ६,१३,०६९ असलेली संख्या सप्टेंबर अखेर ५,९३,३१४ झाली. ज्या कंपनीतली नोकरी म्हणजे सरकारी नोकरीची खासगी आवृत्ती असं आमच्याकडे मानत आले, तिथे तीन महिन्यांत जवळपास वीस हजार माणसं कमी झाली. पुण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या आठवड्यात दुसरा विषय नव्हता.

यातलं एआयमुळे किती? टीसीएसच्या प्रमुखांनी तेव्हा हे एआयमुळे नाही, कौशल्यं आणि कामं यांचा मेळ बसत नसल्यामुळे आहे, असं म्हटलं होतं. त्यावर सगळ्यांनी नाकं मुरडली, पण ते म्हणणं सरसकट खोटं धरता येत नाही. २०२१-२२ मध्ये कोविडनंतरच्या मागणीच्या लाटेत कंपन्यांनी झोळी पसरून माणसं भरली. त्या एका वर्षात टीसीएसने एक लाख आणि इन्फोसिसने ८५ हजार फ्रेशर घेतले. मार्च २०२२ पासून अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने व्याजदर चढवायला सुरुवात केली आणि वर्ष-सव्वा वर्षात ते शून्याजवळून सव्वापाच टक्क्यांच्या वर नेले. पैसा महागला की अमेरिकेतली बँक किंवा विमा कंपनी पहिली कात्री नव्या सॉफ्टवेअर प्रोजेक्टला लावते. चॅटजीपीटी आलं ३० नोव्हेंबर २०२२ ला, म्हणजे या घसरणीच्या ऐन मध्यावर. दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या आणि दोष दिसायला जी नवी होती तिच्यावर गेला. कंपन्यांनाही ते सोयीचंच आहे. मंदीमुळे माणसं काढली म्हटलं तर शेअर पडतो, एआयमुळे काढली म्हटलं तर कंपनी काळाच्या पुढे असल्याचं दिसतं.

उलट बाजूची अतिशयोक्तीही तितकीच. स्वीडनच्या क्लार्ना या कंपनीने २०२४ च्या सुरुवातीला आपला एआय मदतनीस ७०० माणसांचं काम करतो असं सांगितलं होतं. वर्षभराने तिच्याच प्रमुखांनी ग्राहकांशी बोलायला पुन्हा माणसं घेण्याचं ठरवलं. पण म्हणून सगळं बुडबुडाच, असंही नाही. सेल्सफोर्स या अमेरिकी सॉफ्टवेअर कंपनीच्या मार्क बेनिऑफ यांनी सप्टेंबर २०२५ मध्ये आपला सपोर्ट विभाग नऊ हजारांवरून पाच हजारांवर आणल्याचं सांगितलं. गुगलचे सुंदर पिचाई ऑक्टोबर २०२४ मध्येच म्हणाले होते की कंपनीतला पाव हिश्शाहून जास्त नवा कोड एआय लिहितो आणि इंजिनिअर तो तपासतात. ही मंडळी हेच तंत्र विकतातही, हे मात्र त्यांचे आकडे वाचताना विसरू नये.

प्रोग्रामर आता नकोत, ही आरोळी या धंद्याइतकीच जुनी आहे. १९५९ मध्ये कोबोल आलं तेव्हा इंग्रजीसारखी भाषा असल्यामुळे व्यवस्थापकालाही प्रोग्राम वाचता येईल अशी आशा होती. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला जेम्स मार्टिन यांनी प्रोग्रामरविना सॉफ्टवेअर कसं करावं यावर अख्खं पुस्तक लिहिलं. पुण्यातसुद्धा १९८१ मध्ये सुरू झालेल्या टाटांच्या टीआरडीडीसी या संशोधन केंद्रात आराखड्यावरून आपोआप कोड तयार करणाऱ्या साधनांवर वर्षानुवर्षं काम झालं, त्यातून मास्टरक्राफ्ट उभं राहिलं आणि ते प्रत्यक्ष प्रोजेक्टांत वापरलंही गेलं. प्रत्येक वेळी झालं उलटंच. कोड लिहिणं स्वस्त झालं की आधी परवडत नसलेली कामं लोक कॉम्प्युटरवर आणू लागले आणि माणसं आणखी लागली. १८६५ मध्ये जेव्हन्स या इंग्लिश अर्थशास्त्रज्ञाने कोळशाबद्दल हेच नोंदवलं होतं: इंजिनं कमी कोळशात चालू लागली आणि कोळशाचा एकूण खप वाढला. आयटीतले आशावादी लोक सध्या जेव्हन्सचं नाव जपमाळेसारखं घेतात.

मला मात्र जेव्हन्सपेक्षा आपल्या बँकांचा इतिहास जास्त शिकवून जातो. साठच्या दशकात कोलकात्यात आयुर्विमा महामंडळाच्या कर्मचाऱ्यांनी कॉम्प्युटर इमारतीत येऊ नये म्हणून पहारे दिले. पुढे १९८४ च्या रंगराजन समितीपासून बँकांत यंत्रं शिरायला लागली, तेव्हाही संघटनांनी माणसं बेकार होतील म्हणून मोर्चे काढले. कॉम्प्युटर आले आणि कुणाला सरसकट काढलं गेलं नाही, म्हणून पुढची पिढी त्या मोर्च्यांना हसली. त्या पिढीत मीही होतो. नंतर लक्षात आलं की माणसं काढली नव्हती, दार लावलं होतं. कारकुनांची भरती आटत गेली. २०००-०१ च्या स्वेच्छानिवृत्ती योजनेत सरकारी बँकांतून लाखभर लोक बाहेर पडले. बँकांसाठी भरती करणारी मंडळं २००१ मध्ये गुंडाळली गेली. बारावी-बीकॉम झालेला मुलगा 'बँकेत लागला' हे वाक्य मराठी मध्यमवर्गीय घरांतून एक-दीड दशक जवळजवळ नाहीसं झालं. ज्याला नोकरी लागलीच नाही त्याची नोंद कुठल्याच कपातीच्या यादीत होत नाही. त्याच्यासाठी मोर्चाही निघत नाही.

आयटीत आज नेमकं हेच घडायला लागलं आहे असं मला वाटतं, आणि अभ्यासही त्याच दिशेला बोट दाखवतात. ऑगस्ट २०२५ मध्ये स्टॅनफर्डचे एरिक ब्रिन्योल्फसन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या एका मोठ्या पगारवाटप कंपनीच्या नोंदी तपासल्या. एआयची झळ जास्त पोचू शकते अशा पेशांत २२ ते २५ वयाच्या लोकांचा रोजगार तुलनेने १३ टक्क्यांनी घटलेला दिसला. या वयाच्या सॉफ्टवेअर डेव्हलपरांची संख्या तर २०२२ च्या शिखरावरून जवळपास वीस टक्के खाली होती. त्याच पेशांतल्या वयाने मोठ्या लोकांची संख्या मात्र टिकली किंवा वाढली. अमेरिकी श्रम सांख्यिकी विभागाने २०२३ ते २०३३ या दशकाचा अंदाज देताना डेव्हलपर आणि टेस्टर वाढतील, प्रोग्रामर घटतील असं म्हटलं. आपल्याकडे हा फरक कुणी करत नाही, व्हिजिटिंग कार्डावर सगळेच इंजिनिअर. पण तिथे प्रोग्रामर म्हणजे दुसऱ्याने ठरवून दिलेलं कोडमध्ये उतरवणारा आणि डेव्हलपर म्हणजे काय करायचं हे ठरवण्यातही हात असलेला. आपल्या कंपन्यांनी जगाला जे तास विकले त्यातले बरेचसे पहिल्या प्रकारचे होते, हे आपल्याला माहीत असतं. आपण ते बोलत नाही एवढंच.

एआय कोड किती चांगला लिहितो याची मोजमापं गमतीदार आहेत. गिटहब कोपायलट हा कोड लिहिणारा एआय मदतनीस तपासण्यासाठी ९५ प्रोग्रामरांना जावास्क्रिप्टमध्ये एक छोटा सर्व्हर लिहायला दिला होता. कोपायलटवाल्यांनी तो साधारण ५६ टक्के कमी वेळात लिहिला. ही सगळ्यांची आवडती आकडेवारी. २०२५ मध्ये मेटर या अमेरिकी संशोधन संस्थेने वेगळा प्रयोग केला. सोळा अनुभवी डेव्हलपर, त्यांचे स्वतःचे मोठे, जुने ओपन सोर्स प्रकल्प आणि त्यातली २४६ खरी कामं. एआय वापरून ती करायला त्यांना १९ टक्के जास्त वेळ लागला. गंमत पुढेच आहे. काम झाल्यावर विचारलं तेव्हा आपण वीस टक्के लवकर आटोपलं असं ते सांगत होते. साधनं त्यानंतर पुष्कळ सुधारली आहेत, त्यामुळे त्या १९ आकड्याला कवटाळून बसण्यात अर्थ नाही. पण दोन प्रयोगांतला फरक टिकणारा आहे. कोऱ्या कागदावरचं, हजारदा होऊन गेलेलं काम एआय झपाट्याने करतो. वीस वर्षं ठिगळं लावत वाढवलेल्या सिस्टिममध्ये, जिथे अमुक ओळ का आहे हे फक्त निवृत्त झालेल्या एका बाईंना ठाऊक होतं, तिथे तोही चाचपडतो.

फ्रेड ब्रुक्स या अमेरिकी संगणकशास्त्रज्ञाने १९८६ मध्ये सॉफ्टवेअरच्या अडचणींचे दोन भाग केले होते. एक साधनांमुळे येणारी अडचण, दुसरी प्रश्नातच मुरलेली. पहिली यंत्राने कमी होते, दुसरी होत नाही. माझा अनुभव त्याला धरूनच आहे. क्लायंटच्या विमा योजनेत विधवा सुनेचं नाव वारस म्हणून कुठल्या रकान्यात येतं यावर आमची तीन आठवडे ईमेलवर भांडणं चालली होती, आणि कोड बदलला तो चार ओळींचा. ते तीन आठवडे कुठलंही मशीन वाचवणार नाही. पण आम्ही बिल लावलं होतं सहा माणसांचं, आणि भांडत होते दोघंच. बाकीचे चौघं काय करत होते ते आता सांगायला हरकत नाही. टेस्ट केस लिहीत होते, स्क्रीनशॉट काढून वर्डमध्ये चिकटवत होते, जुन्या रिपोर्टच्या कॉलमची नावं बदलत होते.

ते चौघं जिथे बसले होते तिथेच आता सुरी फिरते आहे. मॅन्युअल टेस्टिंग, पहिल्या पातळीचा सपोर्ट, जुन्या भाषेतून नव्या भाषेत कोड उतरवणं, डॉक्युमेंटेशन ही कामं एआयला सर्वांत चांगली जमतात आणि नेमकी हीच आपल्या धंद्याची रोजची भाकरी. त्यांच्यावर देखरेख करणारा, स्वतः कोड न लिहिणारा, दर सोमवारी स्टेटस रिपोर्ट पाठवणारा मॅनेजर हा दुसरा नंबर. खालचा थर पातळ झाला की उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यालाही काम उरत नाही. २०२५ च्या कपातीत चाळिशीतले लोक जास्त का सापडले याचं हे एक उत्तर. त्यांचा पगार मोठा हे दुसरं.

आमच्याकडे या रचनेला पिरॅमिड म्हणतात. तळाशी वर्षाला साडेतीन लाखांवर घेतलेल्या फ्रेशरांचा रुंद थर (हा आकडा दशकभरात जेमतेम हलला, पुण्यातलं घरभाडं मात्र कुठच्या कुठे गेलं), वर लीड, त्यावर मॅनेजर. नफा तळातून यायचा, कारण क्लायंटला दर अनुभवी माणसाचा आणि फ्रेशरचा सरासरीने लावायचा. सहा माणसांच्या कामावर आठ दाखवायची. दोन नवी पोरं शॅडो म्हणून सीनियरच्या शेजारी बसवायची. मराठीत याला खोगीरभरती म्हणतात, आणि ती होतीच. पण लातूर, सांगली, जळगावहून आलेली, कॉलेजात जेमतेम प्रोग्रामिंग शिकलेली पोरं खरं काम शिकली ती या खोगीरभरतीतच. मीही तसाच शिकलो. शेजारी बसून, दुसऱ्याच्या चुका निस्तरताना, रात्री दोन वाजता रिलीज अडकल्यावर सीनियर नेमकं कुठलं लॉग आधी उघडतो हे बघून. क्लायंट बिलातून त्या शाळेची फी भरत होता, त्याला ते माहीत नव्हतं.

आता त्याला माहीत झालं आहे. कंत्राटं नव्याने करताना अमेरिकी आणि युरोपी कंपन्या सरळ विचारतात, तुम्ही एआय वापरता ना, मग दर किती टक्के कमी करता? एचसीएल टेकचे प्रमुख सी. विजयकुमार यांनी २०२५ च्या सुरुवातीला जाहीरपणे म्हटलं की गेली तीस वर्षं चाललेलं हे मॉडेल आता पुरणार नाही, निम्म्या माणसांत दुप्पट महसूल कसा आणायचा हे आव्हान आपण आपल्या टीमपुढे ठेवतो आहोत. इतकं स्पष्ट या उद्योगात सहसा कुणी बोलत नाही. भरतीचे आकडे त्याला साजेसेच आहेत. एक लाख फ्रेशर घेणाऱ्या टीसीएसने २०२४-२५ मध्ये ४२ हजार घेतले. ८५ हजारवाल्या इन्फोसिसने १५ हजार. म्हणजे दार बंद नाही, फटीएवढं उघडं आहे. नीती आयोगाने ऑक्टोबर २०२५ च्या अहवालात तर इशाराच दिला की काही केलं नाही तर या क्षेत्रातले (इथली मोजणी नॅसकॉमहून रुंद आहे) रोजगार २०३१ पर्यंत ७५-८० लाखांवरून ६० लाखांवर येतील, आणि योग्य पावलं टाकली तर ४० लाख नवे निर्माण होतील. असे अंदाज मी चिमटीत धरूनच वाचतो. पण ६० लाख आणि एक कोटी वीस लाख यांच्यामध्ये कुठेही उत्तर असू शकतं, हे सरकारी कागदावर येणंही बोलकं आहे.

वाढ दिसते ती परदेशी कंपन्यांनी इथे थाटलेल्या स्वतःच्या केंद्रांत, ज्यांना जीसीसी म्हणतात. देशात अशी १,७०० हून जास्त केंद्रं आहेत, त्यांत १९ लाखांच्या घरात लोक आहेत आणि पुण्याचा त्यात मोठा वाटा आहे. तिथे तास विकायचे नसतात, त्यामुळे काम लवकर झालं तर कुणाचं बिल बुडत नाही. पगार चांगले, कामही डोक्याचं. फक्त त्यांना तीन-पाच वर्षांचा अनुभव असलेला माणूस आवडतो. तो अनुभव आजवर कुठे मिळत होता ते वर आलंच आहे.

ज्यांच्या नोकऱ्या गेल्या त्यांच्यासाठी कायदा काय करतो? थोडक्यात सांगायचं तर फार नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत कपात झालेल्या कामगारासाठी पंधरा दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम पुनर्कौशल्य निधीत भरण्याची तरतूद आहे. पण आयटीत कपात कागदावर क्वचित होते. एचआर माणसाला मीटिंगच्या खोलीत बोलावतं, राजीनामा दिलास तर अनुभवाचं पत्र नीट मिळेल असं सुचवतं, आणि माणूस तिथेच बसून ईमेल टाकतो. मी अशा दोन खोल्यांत बसलो आहे, एकदा टेबलाच्या या बाजूला आणि एकदा त्या. राजीनामा दिला की तो कपातीत मोजला जात नाही, मग निधी कुठला. त्यात इंजिनिअर हा कायद्याने कामगार ठरतो की नाही यावरचा वाद वेगळाच. पुण्यातली नाइट्स ही आयटी कर्मचाऱ्यांची संघटना कामगार आयुक्तांपासून केंद्रीय मंत्रालयापर्यंत तक्रारी करते, पण संघटनेचं नाव फॉर्मवर लिहायला घाबरणारा वर्ग आहे हा. मोर्च्यांना हसत मोठे झालेलो आम्ही, आता कुठल्या तोंडाने झेंडा धरणार?

दरम्यान इंजिनिअरिंगच्या प्रवेशांत कॉम्प्युटर शाखेचा जोर ओसरलेला नाही. एआयसीटीई या तंत्रशिक्षण परिषदेने २०२४-२५ पासून कॉलेजांच्या जागांवरची वरची मर्यादा उठवली, तेव्हा कॉलेजांनी जागा वाढवल्या त्या मुख्यतः कॉम्प्युटरच्या आणि तिच्या नव्या नावांच्या भावंडांच्या. नावात एआय आलं की फी वाढते. शिकवणारे तेच असतात.

माझा भाचा गेल्या वर्षी अशाच एका कॉलेजातून बाहेर पडला. आमच्या वेळी सहाशे पोरं एका हॉलमध्ये बसवून ॲप्टिट्यूडची परीक्षा घ्यायचे आणि दोनशे घेऊन जायचे. त्याच्या कॉलेजात कंपनी आली ती नऊ जणांसाठी. मुलाखतीत त्याला एआयने लिहिलेला दोनेकशे ओळींचा कोड दाखवला आणि यात तीन चुका आहेत, शोध, असं सांगितलं. त्याने दोन शोधल्या. तिसरी त्याला दिसली नाही, मुलाखत घेणाऱ्याने मान हलवली आणि पुढचा प्रश्न विचारला. रात्री फोनवर त्याने मला तो कोड आठवेल तसा सांगितला. पगाराची रक्कम पैसे गाळून पूर्णांकात साठवणं आणि तारीख अमेरिकी पद्धतीने वाचणं, या त्याला सापडल्या होत्या. तिसरी काय होती हे त्यांनी शेवटी सांगितलं का, असं मी विचारलं. नाही म्हणाला.